मशीन बिघडलेलंच बरं

ता. ३ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेलं कपडे धुण्याचं मशीन पोचलं. पोचायला नको होतं. वाटेत समुद्रात पडलं असतं तर मी चार दिवस हळहळले असते आणि पुढे सुखानं राहिले असते.

यांच्या बोटीतून ते उतरवायला धक्क्यावरचे सगळे बाप्ये लागले. खोक्यावर गोल दाराचं एवढं मोठं चित्र, की अक्षरशत्रूलाही आत काय आहे ते कळावं. झाकून आणायची सोयच नव्हती.

तुझ्या मनात वाईट नव्हतं, ठाऊक आहे. गेल्या खेपेला तुम्ही दोघं आलात तेव्हा माझी सुजलेली मनगटं पाहिलीत आणि कळवळलात. पण अरे शहाण्या, मनगटं दुखतात ती पावाचं पीठ मळून. कपडे मी कधी धुतलेच नाहीत! लग्न होऊन या बेटावर आले तेव्हापासून घरातला हातरुमालसुद्धा वन्संकडे धुवायला जातो. तू विजेच्या सामानाच्या दुकानात एवढी वर्षं काढलीस, गिऱ्हाइकाला आधी विचारावं हे अजून कुणी शिकवलं नाही वाटतं.

आता तुला इथली रीत सांगते. इथं माणसं मूठभर आणि एका कामाला एकच माणूस. पाव माझा, अंडी अंडीवालीची, शिवण शिंप्याचं, धुणं वन्संचं. वन्संचे यजमान, म्हणजे आमचे इंजिनवाले भावोजी, ते आमच्या यांच्या सामानाच्या बोटीचं इंजिन आणि गावाच्या दिव्यांचा जनरेटर सांभाळतात. दुसऱ्याचं काम आपल्याला येत असलं तरी करायचं नाही. केलं की तो बसला रिकामा. रिकामा बसला की एक दिवस शहराकडे जाणाऱ्या मोठ्या बोटीत चढतो, आणि चढलेला परत उतरत नाही. दीपस्तंभवाल्यानं शहरातून केस कापायचं यंत्र आणलं, वर्षाच्या आत न्हावी गेला. तेव्हापासून सगळ्यांचे केस शिंपी कापतो. कापतो सरळ रेषेत, सगळ्यांची डोकी शिवून घेतल्यासारखी दिसतात.

बरं, कामं आम्ही फार चांगली करतो असंही नाही. वन्सं कपडे दगडावर असे आपटतात की बटणं फुटतात, ती शिंपी लावतो. माझा पाव खालून करपतो, ती कड खरवडून अंडीवाली कोंबड्यांना घालते. तू हसशील. हस. पण सगळ्यांनी कामं बिनचूक केली तर निम्म्या बेटाला पोटाला काय?

हे सगळं कळत असून मी ते मशीन एकदा लावलं. आलंच आहे तर बघू, म्हटलं. धुतले तेही ठीक होतं, पण वाळत कुठं घालणार? आमच्याकडे दोरीच नाही. बेकरीच्या खिडकीपासून समोरच्या खांबापर्यंत सुतळी बांधली. सकाळी पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण यांच्या सदऱ्याखालून वाकून आत आला. शिंप्यानं एकेक बटण चाचपून बघितलं आणि पाव न घेताच गेला.

मग वन्सं आल्या. भांडल्या असत्या तर मी दोन शब्द जास्तच दिले असते, हिशेब मिटला असता. त्यांनी यांच्या सदऱ्याची कॉलर उलटून बघितली, वास घेतला, आणि छान निघालाय म्हणाल्या. बस्स. तिथून सरळ धक्क्यावर गेल्या आणि चारचौघांत सांगून आल्या की एप्रिलच्या मोठ्या बोटीनं त्या आणि भावोजी कायमचे लेकाकडे शहरात निघाले.

आता तूच बघ. वन्सं गेल्या की भावोजी गेले. भावोजी गेले की यांच्या बोटीचं इंजिन गेलं. इंजिन नाही तर पीठ कुठून येणार? माझी मनगटं वाचवायला निघालास आणि माझी भट्टीच विझवलीस की रे! यांना विचारलं काय करायचं. हे म्हणाले, तुझा भाऊ, तुझी नणंद, मी बोटीवर जातो.

वन्सं मला फार आवडतात असं कुणी समजू नये. पण भांडायलासुद्धा माणूस समोर असावं लागतं. काहीतरी सुचव, आणि लवकर सुचव.

लोभ आहेच. तो वाढावा म्हणून आणखी काही पाठवू नकोस.

तुझी,
ताई

*

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि मग घाबरलो. हसलो ते तू बघितलं नाहीस हे बरं झालं. मला खरंच वाटलं होतं की सगळ्या बायका कपडे धुतात. तुझी भावजय आता म्हणते की मी तुला ओळखतच नाही, आणि तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तिला मी विचारलं होतं. तीच म्हणाली होती, मशीन द्या म्हणून. पण हे इथेच राहू दे.

मला दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे मशीन वन्संनाच देऊन टाक. धुणं त्यांचं, मशीनही त्यांचं. त्यांचे हात वाचतील आणि तुझ्या अंगणातली सुतळी उतरेल. देताना मात्र गोड बोल. तुला जमेल तेवढं बोल, निदान कडू बोलू नकोस.

त्या घेत नसतील तर दुसरा मार्ग: मशीन बिघडलं म्हणून सांग. एकदाच चाललं आणि बंद पडलं. बंद मशीनवर कुणाचा राग टिकत नाही, हे मी दुकानात रोज बघतो. लोक उलट विकणाऱ्याला शिव्या घालतात. त्या मी खाईन, मला सवय आहे.

मनगटांना मलम लावत जा. लोभ असावा, आणि रागात थोडी सूट मिळावी.

तुझा,
भाऊ

*

ता. २६ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे दोन्ही मार्ग करून बघितले. एकानं खड्ड्यात पडले, दुसऱ्यानं कुठं पडले ते अजून कळलेलं नाही.

मशीन हातगाडीवर घालून वन्संच्या दारात नेलं. ढकलायला हे होते, म्हणजे बोलायची सगळी जबाबदारी माझ्यावर. मी गोड बोलले. इतकं गोड की यांनी दोनदा वळून बघितलं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं. उद्या कुणी पावाचं मशीन माझ्या दारात आणून ठेवलं आणि वहिनी, आता आराम करा म्हणालं, तर मला कसं वाटेल? वर म्हणाल्या, बटण दाबून कपडे निघायला लागले तर लोक त्यांच्याकडे कशाला येतील, बटण तर कुणीही दाबेल.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून गेलं की बटण दाबलेलं बरं, फोडण्यापेक्षा.

तुला माझं तोंड माहीत आहे. वन्संनी त्याच पावली माळ्यावरची ट्रंक काढून अंगणात उन्हाला टाकली. हातगाडी आम्ही परत आणली. येताना चढ आहे.

मग दुसरा मार्ग. मशीन बिघडलं, असं मी अंडीवालीला सांगितलं. तिला सांगितलं की वेगळी दवंडी लागत नाही. पण एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली नाही आणि तुझ्याही. इथं काहीही बिघडलं की दुरुस्तीला एकच माणूस येतो. भावोजी हत्यारांची पेटी घेऊन तासाभरात दारात हजर!

नको म्हणायचं तरी कसं? बिघडलंय म्हणाले मीच. त्यांनी सुरू करून बघितलं, ते मेलं सुरळीत फिरलं. चांगलं चालतंय ना, मग काय बिघडलंय ते सापडेपर्यंत उघडायला हवं, असं म्हणत ते उघडत गेले. माझ्या पीठ मळायच्या फळीवर पेच, नळ्या, झाकणं मांडून ठेवली. त्या दिवशी गावाला पाव मिळाला तो उशिरा, आणि शिंप्याच्या पावात एक वॉशर निघाला.

सगळं परत जोडलं तर ड्रम फिरवायचा रबरी पट्टा गायब. भट्टीखाली बघितलं, पिठाची पोती उपसली, अंडीवालीनं आपल्या कोंबड्यांची झडती घेतली. पट्टा नाहीच. भावोजी पोत्यावर बसले, कपाळ पुसलं, आणि भरल्या बेकरीत सांगितलं की आजवर हात लावलेली वस्तू त्यांनी बंद सोडलेली नाही. हे मशीन चालू झाल्याशिवाय ते बेटावरून पाऊल उचलणार नाहीत.

वन्संना निरोप गेला. त्या म्हणाल्या, बरं. दुसरं काही नाही. ट्रंक अजून अंगणातच आहे.

मनगटं तशीच आहेत. लोभ असू दे, डोकं मात्र जरा जास्त चालव.

तुझी,
ताई

*

ता. १४ मार्च

चि. भाऊस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र छोटं आहे आणि एकट्यानं वाचायचं आहे. बायकोलाही दाखवू नकोस. दाखवशील, पण तिला म्हणावं तू वाचलं नाहीस.

भावोजी तुला नवीन पट्टा मागणारं पत्र याच बोटीनं धाडताहेत. पाठवू नकोस. काय वाटेल ते कारण सांग. मोठी बोट एप्रिलच्या मध्यावर लागते. तेवढी एक जाऊ दे, पुढची पावसाळ्यानंतरच. तोवर वन्संचा राग शिळा होईल. एवढं तू कर, मी तुझ्या सगळ्या चुका विसरते. सगळ्या नाही, मशीनची तेवढी.

भावोजी रोज सकाळी येतात, मागच्या खोलीत मशीनपुढं बसतात, ड्रम हातानं फिरवून त्याला कान लावतात आणि ताजा पाव खातात. करपलेली कडही खातात, त्यामुळं अंडीवाली कुरकुरते. अंगानं मात्र सुधारलेत. जन्मभर त्यांची पँट खाली घसरायची आणि एक हात ती धरण्यात जायचा, आताशा कशी बरोबर बसते. माझा पाव मानवला म्हणायचा.

काल संध्याकाळी गावात दिवे लागले तेव्हा मी उगाच बाहेर येऊन उभी राहिले. रोज लागतात, कधी बघितले नव्हते. हे कुणाला सांगू नकोस.

लोभ दिसत नसला तरी आहे असं धरून चाल.

तुझी,
ताई

*

ता. १४ मार्च

रा. रा. पाहुणे यांस इंजिनवाल्याचा नमस्कार, वि. वि.

आपण पाठवलेल्या मशीनचा ड्रम फिरवायचा पट्टा काम चालू असताना गहाळ झाला आहे. तरी त्याच मापाचा नवीन पट्टा ताबडतोब पाठवावा. मशीन आमच्या हातून बंद राहिलं हा डाग आम्हाला सहन होत नाही. आमचं सामान बांधून तयार आहे, चिरंजिवानं शहरात खोलीही रंगवून ठेवली आहे, फक्त आपल्या पट्ट्यासाठी आम्ही खोळंबलो आहोत. हे पत्र बेकरीत सर्वांसमोर वाचून दाखवलं आहे.

लोभ ठेवावा आणि पट्टा पाठवावा.

आपला,
इंजिनवाला

ता. क. हे खालचं वाचून दाखवलेलं नाही. पाहुणे, पट्टा पाठवू नका. जुना माझ्या कमरेला आहे, सदऱ्याखाली. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता, हे मी पेच काढायच्या आधीच ओळखलं होतं. पण आमची ही एकदा धक्क्यावर बोलून बसली, आता तिला परत फिरता येत नाही. आणि शहरात मी काय करू? लेक म्हणतो, बाबा, तुम्ही फक्त बसायचं. मला बसता येत नाही. बायकोला यातलं काही कळता कामा नये. पँट छान बसते.

*

ता. १५ मार्च

श्री. भाऊंस सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, आताही लिहिलं नसतं. पण तुमच्या बहिणीच्या तोंडाबद्दल कुणाजवळ तरी बोलायला हवं, आणि ते तुमच्याइतकं कुणी सोसलेलं नाही. मी बटणं फोडते असं तिनं माझ्या दारात उभं राहून सांगितलं. फोडत असेन. तिच्या पावानं माझी एक दाढ गेली, मी कधी बोलले का?

राग तुमच्यावर नाही. थोडा आहे. कॉलर खरंच स्वच्छ निघाली होती, त्याचा राग जास्त आहे.

आता कामाचं. आमच्या घरातून पट्ट्यासाठी पत्र आलं असेल. दुकानात तुम्हाला फार कामं असतात हे मी जाणून आहे. तेव्हा आमच्यासाठी मुद्दाम धावपळ करू नका. सावकाश शोधा. नाहीच सापडला तर आमचं नशीब, मी बोल लावणार नाही. शहरात लेकाच्या घरी असलंच गोल दाराचं मशीन आहे. सूनबाईनं प्रेमानं लिहिलंय की आई, तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. वाचल्यापासून माझे हात मलाच परके वाटताहेत.

आणखी एक. यांच्या सगळ्या सदऱ्यांना आतून कमरेशी काळा रबराचा डाग पडतोय. गोल, सगळीकडून सारखा. दगडावर चांगला घासते तेव्हा जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. मी घासते. विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

हे पत्र आल्याचं तुमच्या बहिणीला कळलं तर मी खरोखरच बोटीत बसेन. तिच्या मनगटांना राईचं तेल कोमट करून लावायला सांगा. मी सांगितलं म्हणून नको.

लोभ असावा ही विनंती, तो उघड नसावा ही दुसरी.

आपली,
वन्सं

*

ता. २८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र बेकरीत सर्वांना वाचून दाखवलंस तरी चालेल, किंबहुना दाखवच. आमच्या दुकानात, गोदामात आणि थेट कंपनीत चौकशी केली. या मशीनचा पट्टा बनवणं कंपनीनं बंद केलं आहे. दुसऱ्या कुठल्याही मशीनचा त्याला बसत नाही. पट्टा मिळण्याची आशा नाही, निदान मोठी बोट येऊन जाईपर्यंत तर मुळीच नाही. भावोजींना आणि वन्संना माझ्यामुळं खोळंबावं लागतंय याचं अतिशय वाईट वाटतं. त्यांनी मोठ्या मनानं क्षमा करावी.

तुझ्यासाठी म्हणून एवढंच: मनगटांना राईचं तेल कोमट करून लाव. कुठं तरी ऐकलं.

या बोटीनं आलेली पत्रं वाचून तुझी भावजय दोन दिवस एकटीच हसते आहे. मी विचारलं तर म्हणते, मी काही वाचलंच नाही.

सर्वांना नमस्कार. तुम्हा सर्वांचा लोभ आता मला पेलवेनासा झाला आहे, तरी असू द्यावा.

तुझा,
भाऊ

*

ता. २० एप्रिल

चि. भाऊस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मोठी बोट आली आणि गेली. वन्सं गेल्या नाहीत.

तुझं पत्र मी भरल्या बेकरीत वाचलं. अडखळत वाचलं, पण आवाज मोठा लावला. कंपनीनं पट्टा बंद केला या वाक्याला भावोजींनी इतका लांब सुस्कारा सोडला की फळीवरचं पीठ उडालं. वन्सं दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, आता काय, वहिनीच्या मशीनपायी अडकून पडायचं आलं. जन्माची सोय होत होती, तीही हिनं होऊ दिली नाही. मी म्हटलं, हो, माझंच चुकलं. असं मी म्हणाल्याचं बघायला हेही बोटीवरून वर आले होते, पण तोवर बोलून झालं होतं.

बोट सुटायच्या दिवशी त्या धक्क्यावर गेल्या खऱ्या. सगळ्यांचा जीव टांगणीला. ट्रंकही सोबत होती. तिच्यात निघाली लेकासाठी आणि सूनबाईसाठी पांघरुणं, हातानं धुतलेली. ती बोटीवर चढवली, वन्सं खालीच राहिल्या. बोट वळेपर्यंत हात हलवला, मग वळून मला म्हणाल्या की तिथं उभी राहून काय बघतेस, घरची चादर कधीची धुवायला आलेली नाही. मी धावत जाऊन चादर आणली. धावत, या वयात! त्यांनी ती खांद्यावर टाकली आणि मनगट कसं आहे म्हणून विचारलं. बरं आहे म्हटलं. तेल लावत्येस का, म्हणाल्या. तेलाचं त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक, या बेटावर काही लपत नाही.

मशीन मागच्या खोलीत आहे. भावोजी अजून रोज येऊन त्याच्याशी झगडतात, मी पाव देते. चालू होईल असं मला वाटत नाही, आणि कुणाला घाईही दिसत नाही.

पण बाबा रे, आता नवीन संकट आहे. आमच्या शाळेत एकच मास्तर. त्यांच्या बदलीचा हुकूम आलाय, पावसाळ्यानंतरच्या बोटीनं जायचंय. नको म्हणाले तर बदली थांबते, असं ते स्वतःच सांगतात, पण नको म्हणायला कारण हवं ना. मास्तर गेले की शाळा बंद, शाळा बंद की पोरंवाली घरं बोटीत. काल संध्याकाळी अंडीवाली, शिंपी, दीपस्तंभवाला, भावोजी, सगळे माझ्याकडे येऊन बसले. वन्सं मधोमध. त्यांचं म्हणणं, माझा भाऊ अशा कामात हुशार आहे, त्याला विचारावं. हे वन्संनी म्हटलं, मी नाही.

सगळ्यांनी मिळून असं ठरवलंय. मास्तरांना गणिताची फार घमेंड. एखादं अडलं की ते सुटेपर्यंत जेवतही नाहीत, बेट सोडणं तर लांबच. तर तुमच्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात जा. तिथल्या प्रोफेसरांनाही सुटलेलं नाही असं एक गणित माग आणि मास्तरांच्या नावानं पाठवून दे. चांगलं लांबलचक बघ. पोरं शाळेतून बाहेर पडेपर्यंत पुरायला हवं.

बायकोला आशीर्वाद. तिनं वाचलं नसेलच. तुम्हा दोघांचा लोभ वन्संनाही हवा आहे, थोडा तिकडंही पाठवत जा.

तुझी,
ताई

ता. क. चुकून कुणाला सुटलंच, तर उत्तर पाठवू नकोस.